शनिवारचा बिघाड

धार,
रविवार, दुपार

प्रिय ईशानी,

गुरुवारी फोनवर तू म्हणालीस, नानांचा कंप्यूटर साफ करून शिखाला देऊन टाक. मी "बरं" म्हणाले. शिखा त्यानंतर दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा मी तिला चहा दिला, दुसऱ्यांदा पोहे केले, आणि दोन्ही वेळा ती तशीच परत गेली. शेजाऱ्यांची पोरगी गुणाची आहे, तोंडाने काही मागितलं नाही. तिला कॉलेजच्या अभ्यासाला तो हवा आहे हे मला कळतं. पण मी तो दिलेला नाही, आणि का दिला नाही हे मला फोनवर सांगता येत नाही. फोनवर तू माझे गुडघे विचारतेस, मी तुझं जेवण विचारते, आणि मग दोघी गप्प होऊन ठेवून देतो. म्हणून लिहायला बसले आहे.

मी काही लिहिणारी नव्हे. सगळी नोकरी तहसिलीत गेली. माझं लिहिणं "सेवा में, श्रीमान" पासून सुरू व्हायचं आणि "सादर प्रस्तुत" ला संपायचं. तेव्हा यात काही चांगलं वाक्य सापडेल अशी आशा ठेवू नकोस. तुला लांबलचक मराठी वाचायचा कंटाळा येतो, म्हणून अक्षर मोठं काढते आहे आणि ओळींत जागा सोडते आहे. मयुरेशरावांकडून वाचून घेऊ नकोस. हे तू स्वतःच वाचायचं आहे. अडलीस तर मोठ्याने वाच, म्हणजे सुटेल.

इकडे सगळं ठीक आहे. सीताफळाला यंदा फळ बरंच धरलं आहे, पण माकडं ठेवतील तेवढंच आपलं. यंदा आपल्याकडे महालक्ष्म्या बसायच्या नाहीत, तरी समोरच्या जोशीकाकू उगाच विचारून गेल्या, काही मदत लागेल का म्हणून. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून आल्या असाव्यात. तू मला नानांची खोली बंद ठेवायला सांगितलं होतंस. मी ती बंद ठेवलेली नाही. रोज झाडते, टेबल पुसते, खिडकी उघडते. बंद खोलीला वास येतो, आणि मला तिथे बसायला आवडतं.

तो कंप्यूटर तू नव्यासारखा करून दिलास तेव्हाचं तुला आठवत असेल. जुना होऊन इतका हळू झाला होता की हे तो चालू करून आंघोळीला जायचे. तू देवासहून आलीस, दिवसभर बसलीस आणि त्यात लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घालून दिलीस. फुकट आहे म्हटल्यावर ह्यांना संशय. "फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार." तू म्हणालीस, "नाना, हवा पण फुकटच आहे ना." मग तू परत गेलीस आणि तुमचे फोन सुरू झाले. तू विचारायचीस, "डाव्या हाताला वर काय दिसतंय?" हे मान वर करून सांगायचे, "कॅलेंडर." "नाना, भिंतीवर नाही, स्क्रीनवर!" असं अर्धा-अर्धा तास चालायचं आणि शेवटी दोघं चिडून फोन ठेवायचे. एकदा तू म्हणालीस की थांबा, मी इथूनच तुमची स्क्रीन बघते, म्हणजे तुम्हाला सांगायला नको नि मला ओरडायला नको.

पहिल्या दिवशी ते जमलं नाही, ते मला चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी मी भाजी निवडायला मुद्दाम त्या खोलीत बसले होते. तू सांगत होतीस ते हे एकेक अक्षर विचारून टाइप करत होते. मग तू आनंदाने म्हणालीस, "आले, नाना! मी आत आले." हे स्क्रीनकडे बघत बसले. म्हणाले, "कुठे आलीस? इथे काही हलत नाही." तू म्हणालीस, "अहो, मी हलवते आहे, गोल गोल फिरवते आहे, दिसत नाही?" ह्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मी फाइल उघडली, ती दिसते का?" तुला ती दिसत नव्हती. तुला नुसती करडी, रिकामी स्क्रीन दिसत होती. मग तुझ्या लक्षात आलं. तू समजावलंस की कंप्यूटरने तुझ्यासाठी आतल्या आत एक वेगळीच स्क्रीन तयार केली आहे. मशीन एकच, पण तू एका स्क्रीनवर आणि नाना दुसऱ्या. "मला तुमची मेन स्क्रीन पाहिजे, झिरो नंबरची, जिच्यासमोर तुम्ही बसले आहात ती." हे म्हणाले, "मग आत्ता तू जिथे आहेस तिथे कोण आहे?" तू म्हणालीस, "कोणी नाही नाना, तीच तर पंचाईत आहे." मी मेथी निवडता निवडता हात थांबवला होता. तू लग्न होऊन देवासला गेल्यापासून तुमचं दोघांचं असंच चाललं होतं, असं मला वाटून गेलं. पण मी काही बोलले नाही. आपल्या घरात कोण बोलतं?

पुढच्या शनिवारी तू दुसरं काहीतरी घालून ते जमवलंस. त्या वेळी मारुती सुतार खोलीत बोर्ड ठोकत होता. ह्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप चालायला लागला. मारुती हातोडी घेऊन मागे सरला. "ओ दत्तोपंत भिया, हाथ तो तुम्हारा गोद में है, ये तीर कौन चला रिया है?" हे इतके खूश झाले होते, म्हणाले, "हमारी लड़की है. देवास से आई है." मारुतीने दाराकडे बघितलं. मग तू लिहिण्याची फाइल उघडलीस आणि त्यात एकेक अक्षर उमटलं, इंग्रजी अक्षरांत: NANA DISLA KA. ह्यांनी एका बोटाने खाली लिहिलं, HO. मारुतीने घरी जाऊन कोणाकोणाला काय सांगितलं देव जाणे, आठवडाभर गल्लीतली माणसं ह्यांना थांबवून विचारत होती.

त्या दिवसापासून एक बाण आणि दोन हात, असं तुमचं सुरू झालं. तू म्हणायचीस, "नाना, माऊस सोडा ना, दोघं ओढू तर तो कोणाचं ऐकेल?" हे म्हणायचे, "सोडलाय." सोडलेला नसायचा, ईशानी. हात तसाच त्यावर ठेवलेला असायचा, अगदी हलका. मी एकदा म्हटलं की अहो, ती म्हणते आहे तर काढा ना हात. तर मला फोनवर हात धरून डोळ्यांनी दटावलं. मला वाटतं, तू तिकडून बाण हलवलास की तो हातात कळतो असं काहीतरी त्यांना वाटत होतं. तसं काही कळत नाही, हे मला शिखाने सांगितलं आहे. त्यांनाही माहीत असणार.

आता एक सांगते ते वाचून रागावू नकोस. तुला वाटायचं की नानांच्या हातून कंप्यूटर सारखा बिघडतो. खालची पट्टी नाहीशी होते, आवाज जातो, अक्षरं कधी तमिळ तर कधी रशियन उमटतात, सगळं एवढं मोठं होतं की एक शब्द स्क्रीनभर दिसतो. मयुरेशराव एकदा हसून म्हणाले होते, "नानांचा हात लागला की लिनक्सही रडतं." ते सगळं हे स्वतः करायचे. मुद्दाम. शनिवारी सकाळी चहा झाला की बसायचे आणि मला विचारायचे, "आज काय मोडू?" सुरुवातीला मी म्हटलं की पोरीला का छळता, आठवडाभर कॉलेजात मुलांना शिकवून दमते, एक शनिवार मिळतो. पण पुढे पुढे मीही सांगायला लागले. "आवाज मागच्याच वेळी घालवला होता, तिला शंका येईल. आज दुसरं काही बघा." मग हे सेटिंग उघडून एकेक खाना बघत बसायचे. ह्यांना सगळं येत होतं. मोडायचं कसं ते येत होतं, म्हणजे जोडायचं कसं तेही येत होतंच. एकदा तुझा फोन लागला नाही तेव्हा त्यांनी मुकाट्याने सगळं पूर्ववत करून ठेवलं, आणि संध्याकाळी तुझा फोन आल्यावर पुन्हा घाईघाईने मोडलं.

तू विचारशील, नुसतं बोलवायचं होतं, मग बिघाड कशाला? मीही विचारलं होतं. ह्यांच्या घरची रीत तुला माहीत आहे. दिलेल्या लेकीला कारणावाचून बोलावू नये. सण हवा, कार्य हवं, काहीतरी निमित्त हवं, आणि न्यायला मुराळी हवा. तुझ्या आत्याला आणायला हे स्वतः मुराळी म्हणून लोहारद्याला जायचे, आणि दर वेळी सासूबाई आधी कारण ठरवून द्यायच्या, तिच्या घरी काय सांगायचं ते. ह्यांच्या अंगात ते मुरलेलं होतं. "काही काम नाही, नुसती ये" असं त्यांच्या तोंडून आलंच नसतं. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन बसा बदलून तू येणार म्हणजे त्याला तसंच मोठं कारण लागलं असतं. तो शनिवारचा बिघाड म्हणजे आमचा मुराळी होता, बघ.

आणि बिघाड दुरुस्त झाला की दुसरं निमित्त तयार असायचं. "आलीच आहेस तर हे जरा वाचून बघ, टायपिंगच्या चुका असतील." आपल्या घरचे कुळाचार हे लिहून काढत होते ना, ते. तू शाळा सगळी हिंदीत शिकलीस, आणि मराठी वाचायला घेतलीस की तुझा आवाज लहान व्हायचा. नववीत असताना एकदा पाहुण्यांसमोर ह्यांनी तुला आरतीचं पुस्तक वाचायला दिलं, तू अडखळलीस, कोणीतरी हसलं, आणि तू पुस्तक ठेवून जी आत गेलीस ती पुन्हा कधी ह्यांच्यासमोर मराठी वाचायला बसली नाहीस. ह्यांनीही म्हटलं नाही. पण त्या स्क्रीनवर कोणी पाहुणे नव्हते. हे बाण शब्दाखाली धरायचे, आणि तू तिकडून वाचायचीस. "सवा... सवाष... नाना, हे काय आहे?" "सवाष्ण. पुढे." "ओटी भरून... पुरणाचे... नाना, इथे दोनदा 'पुरणाचे' आलंय." "हो का? खोड ते." चूक त्यांनीच घालून ठेवलेली असायची, तू ती पकडावीस म्हणून. पकडलीस की मान हलवायचे. पुढे तुझा वेग वाढला आणि बाणाला धावावं लागायला लागलं, तेव्हा फोन ठेवल्यावर तुझं लहानपणचं नाव घेऊन मला म्हणाले, "आज चिंटूने मला मागे टाकलं." त्या रात्री जेवताना दोनदा तेच म्हणाले.

निसरपूरचा शनिवार तू विसरली नसशील. त्या दिवशी काही मोडलेलं नव्हतं, पट्टी गेली असं ते खोटंच म्हणाले, आणि तू आत आल्यावर पट्टी जागेवरच होती. "आता आली वाटतं," म्हणाले. मग उपग्रहाचा नकाशा उघडला. तुला निसरपूर आठवतं ते शाळेच्या मागचं घर आणि विहीर, एवढंच. मला सगळं आठवतं, ह्यांची पहिली नेमणूक, तू रांगायला लागलीस ते अंगण. त्या नकाशात आता तिथे पाणी दिसतं. ह्यांनी बाण पाण्यावर नेला आणि एका जागी थांबवला. थोड्या वेळाने बाण हलला, पण ह्यांचा हात हललेला नव्हता. तू तो थोडा खाली आणि उजवीकडे नेलास आणि म्हणालीस, "विहीर इथे होती ना, नाना?" ह्यांनी तो केसभर वर नेला. "इथे." मग तुम्ही दोघं कितीतरी वेळ त्या पाण्यावर बाण फिरवत होतात. शाळा, घर, मारुतीचं देऊळ, बाजाराची गल्ली. फोन चालू होता आणि कोणी बोलत नव्हतं. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा आपल्या ओळखीची किती घरं उठली, हे पेपर वाचून पेपर घडी घालून ठेवायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं मला चाळीस वर्षांच्या संसारात सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, माई, तुला हे सगळं कसं माहीत? तुला वाटायचं मी स्वयंपाकघरात असते. फोनवर तू विचारायचीस, "माई काय करते आहे?" आणि हे सांगायचे, "आहे तिकडे." मी तिकडे नव्हते. मी ह्यांच्या मागे स्टुलावर बसलेली असायचे, दर शनिवारी. मी मधे बोलले असते तर तुमचं बोलणं बंद पडलं असतं, म्हणून बोलायचे नाही. मला त्या कंप्यूटरमधलं काही कळत नव्हतं. पण बाण चालायला लागला की मला तू घरात आल्यासारखं वाटायचं. तुझी चाल मला ओळखू यायला लागली होती. हे बाण सावकाश नेत आणि जागेवर जाऊन थांबवत. तू भरकन नेतेस, थोडी पुढे जातेस, मग मागे येतेस. लहानपणी अंगणातून तशीच धावत यायचीस, पायरी ओलांडून पुढे जायचीस आणि मग परत.

हे गेल्यावर बाण कधी हलला नाही. मी शनिवारी तो चालू करून बसते. चालू कसा करायचा तेवढं मला येतं. तेराव्यानंतर तू एकदाच आलीस, आणि त्या खोलीच्या दारातून आत पाऊल टाकलं नाहीस. मी समजले, दुःख आहे, काळ जाऊ द्यावा. मग तू म्हणालीस की तुझ्याकडून तू ते सगळं काढून टाकलं आहेस. आणि गुरुवारी म्हणालीस, साफ करून देऊन टाक. तरीही मी दुःखच समजत होते. खरं काय ते मला मयुरेशरावांनी शुक्रवारी फोन करून सांगितलं. तुला न सांगता केला होता, त्यांच्यावर रागावू नकोस. म्हणाले, "माई, ती सहा महिने नीट झोपलेली नाही. ती म्हणते, नानांना मी मारलं."

ईशानी, तुला तसं का वाटलं तेही त्यांनी सांगितलं. त्या सकाळी नानांचा फोन आला की स्क्रीन उलटी दिसते आहे, डोकं खाली पाय वर. तुझी परीक्षेची ड्यूटी होती. तू दोन मिनिटं आत येऊन बघितलंस, तर तुला सगळं सरळच दिसलं. तू घाईत म्हणालीस, "नाना, मला सरळ दिसतंय, तुमच्या मॉनिटरचंच काही असेल, संध्याकाळी बघते." आणि संध्याकाळी तू आलीस ती ह्यांना बघायलाच. तेव्हा टेबलावर मॉनिटर उलटा करून दोन शब्दकोशांवर टेकवून ठेवलेला तू पाहिलास. तू धरून चाललीस की तुझं ऐकून नानांनी तो जड मॉनिटर एकट्याने उचलून उलटा केला. डॉक्टरांनी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायला मनाई केली होती, आणि शनिवारी सकाळी मी तासभर बाजारात जाते हे तुला माहीत होतं.

त्या शनिवारी मी बाजारात गेले नव्हते. मॉनिटर मी उलटा केला. स्क्रीन ह्यांनीच उलटी केली होती, चहा झाल्यावर, माझ्यासमोर. त्यांना सेटिंगमधला तो खाना नवीनच सापडला होता आणि लहान पोराइतका आनंद झाला होता. तुझा फोन झाल्यावर मान वाकडी करून बसले आणि म्हणाले, "तिला सरळ दिसतंय म्हणे. मॉनिटरचं असेल म्हणते." मी म्हटलं, "मास्तरीण म्हणते तर तसंच असणार. थांबा, मॉनिटरच उलटा करते," आणि मी तो उचलला, उलटा केला, आणि खाली दोन शब्दकोश लावले. सगळं सरळ दिसायला लागलं. हे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "असाच राहू दे. संध्याकाळी चिंटूला फोटो पाठवू." मग आम्ही जेवलो. त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं, त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. "संध्याकाळी ती येईल, तोवर जरा पडतो" म्हणाले आणि त्याच खोलीत कॉटवर पडले. मी चहाला उठवायला गेले तेव्हा गेलेले होते. चेहरा शांत होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच झालं, कोणाला काही करता आलं नसतं. ते तुझी वाट बघत होते का? हो, बघत होते. खोटं नाही सांगत. पण तुझी वाट बघणं त्यांना आवडायचं. आठवडाभर तेवढंच करायचे. सकाळी तू लगेच आली असतीस तर दुपारी आणखी काहीतरी मोडून ठेवलं असतं.

हे मी तुला तेव्हाच का सांगितलं नाही, तर तू काय धरून बसली आहेस हे मला माहीत नव्हतं. आणि घरात सुतक असताना, चार माणसं रडत असताना, आम्ही दोघं त्याच सकाळी पोट दुखेपर्यंत हसलो हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? मला वाटलं, लोक काय म्हणतील. शेवटची सकाळ अशी गेली हे मला माझ्यापुरतंच ठेवावंसं वाटलं. आता ती तुझीही आहे.

काल मी शिखाला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि तिने मॉनिटर सुलटा केला आणि आतली सेटिंगही. मी तिला सांगितलं आहे की कंप्यूटर इथून हलणार नाही, तू दुपारची इथे येऊन अभ्यास करत जा. ती लगेच म्हणाली, "आजी, ये तो और अच्छा, घर पे तो भाई बैठने नहीं देता." मी तिच्याकडून आणखी एक बघून घेतलं. देवासहून आत येण्याची सोय नानांनी बंद केलेली नाही, ती अजून चालू आहे, तीच मेन स्क्रीन, झिरो नंबरची. तुझ्याकडून तुला पुन्हा जोडावं लागेल, असं ती म्हणाली. ते तुला येतं. म्हणून हे पत्र. ह्या शनिवारी चहा झाला की मी तिथे बसणार आहे. आवाज नीट आहे, पट्टी जागेवर आहे, अक्षरं मराठी उमटतात, शिखाने दोनदा तपासलं. काही म्हणजे काही बिघडलेलं नाही, आणि मला कसलंही काम नाही. मला तुझी आठवण येते, ईशानी. नुसती ये.

तुझीच,
माई